बंद दाराचे तास

निकालाच्या कागदावर ३८ हा आकडा पाहिला तेव्हा मला आधी वाटलं, कुणीतरी आकडे उलटे लिहिले. त्र्याऐंशीचे अडतीस झाले असणार. माझा स्वतःवर फारसा विश्वास नाही, पण बेरजेवर आहे, आणि माझी बेरीज सांगत होती की हे अशक्य आहे.

सूनबाईने कागद टेबलावर ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन दार लावलं. नळ सुरू झाला आणि बराच वेळ बंद झाला नाही. मी कागद उजेडात धरला, चष्मा पुसला, पुन्हा धरला. उत्तीर्ण होण्यासाठी पन्नास. मिळालेले अडतीस.

"किती?" हिने स्वयंपाकघरातून विचारलं. ही म्हणजे माझी बायको. तिची उमेदीची सगळी वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात गेली, तिथल्या खणखणाटात कान गेले. डाव्या कानाने तिला काहीच ऐकू येत नाही आणि उजव्याने तिला हवं तेवढंच येतं, असं आमचा मुलगा म्हणतो.

"अडतीस," मी हळूच म्हणालो.

"मोठ्याने बोला."

"अडतीस!" मी ओरडलो, आणि न्हाणीघरातला नळ एकदम बंद झाला. त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता मी परीक्षा कार्यालयात गेलो. रांगेत उभा राहून मी माझं वाक्य चार वेळा मनात म्हणून पाहिलं, तरी खिडकीशी पोचल्यावर ते अडखळलंच.

"आकडे... म्हणजे चुकून उलटे पडले असतील का?"

खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिला, मग मला पाहिलं. "आजोबा, परीक्षा तुमची?"

"नाही. सुनेची."

"मग तुम्ही का घामाघूम झालात?" त्यांनी एक जाड वही उघडली, बोट ओळीवरून सरकवलं. "अडतीस. इकडून वाचा नाहीतर तिकडून वाचा, अडतीसच. पुढचे कोण?"

घरी येताना दोन थांबे पुढे जाऊन उतरलो. माझं डोकंच चालत नव्हतं.

परीक्षा होती औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकाला औषध देण्याच्या परवान्याची. सूनबाई सहा वर्षं एका दुकानात काम करते. आधी ती मागच्या गोदामात खोकी उचलायची. कंबर धरली, तेव्हा मालकीणबाईंनी तिला पुढे काउंटरवर घेतलं. मग नियम आला, की वर्षअखेरीनंतर परवाना नसलेल्याने काउंटरवर उभं राहायचं नाही. परीक्षेला तीनदा बसता येतं. तिन्ही वेळा नापास झालं की पुढची चार वर्षं अर्जसुद्धा घेत नाहीत. मालकीणबाई भल्या, पण त्यांनीही सांगून टाकलं होतं, "परवाना आला तर काउंटर तुझं. नाही आला तर पोरी, माझा नाइलाज आहे, मागे खोकी आहेत." आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, की खोकी उचलायला गेलीस तर वर्षभरात अंथरूण धरशील. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, आठवड्यातून दोन दिवस घरी असतो. त्यामुळे ही गोष्ट सांभाळायची ती आम्ही दोघा म्हाताऱ्यांनीच.

पहिल्या खेपेला तिला सत्तेचाळीस मिळाले होते. फक्त तीन कमी! मी म्हटलं, हे आपल्या हातातलं आहे. तीन गुण म्हणजे किती, जरा जास्त बसलं की येतील.

तेव्हा तिचा अभ्यास चालायचा स्वयंपाकघरात. मिठाच्या बरणीला पुस्तक टेकवलेलं, हातात सुरी, समोर बटाट्यांचा ढीग, आणि शेजारी सासू. कामावरून आल्यावर दोघी तास-दीड तास तिथे असत आणि सगळा वेळ आरडाओरडा. "इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवायचं, आई! पण बर्फाच्या कप्प्यात नाही!" "का?" "गोठतं!" "गोठलं तर बाहेर काढून ठेवायचं, वितळेल की." "नाही चालत! एकदा गोठलं की वायाच गेलं!" "असं का? बर्फ वितळून पाणी होतं की पुन्हा." मग सूनबाई पुस्तकात तोंड घालायची, कारण शोधायची, आणि तेच पुन्हा वेगळ्या शब्दांत, आणखी मोठ्याने. शेजारचे भिंतीवर टकटक करायचे.

असा कधी अभ्यास होतो का? मी चाळीस वर्षं ग्रंथालयात मदतनीस होतो. अभ्यास कसा दिसतो ते मी पाहिलं आहे. शांतता, एक खुर्ची, एक दिवा आणि मान खाली.

म्हणून दुसऱ्या खेपेसाठी मी माझी पुस्तकांची खोली तिला दिली. आठ बाय सातची, पण खिडकी मागच्या बाजूला, आवाज म्हणून नाही. खुर्चीच्या पायांना जाड कापडाचे तुकडे चिकटवले. बटाटे-कांद्यांचं काम मी माझ्याकडे घेतलं. बाहेर बोळकांडीत स्टूल टाकून बसलो. चहा दारापाशी ठेवायचा, टकटक करायची नाही. निवृत्तीच्या दिवशी ग्रंथालयाने मला माझा जुना तारखेचा शिक्का आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा भेट दिला होता. (दुसरं काही द्यायचं त्यांना सुचलं नसावं.) रोज एका कार्डावर शिक्का मारायचा, खाली लिहायचं, बसली सहा दहा, उठली नऊ पस्तीस. चार महिन्यांत तीनशे चाळीस तास भरले. पहिल्या खेपेचे मी अंदाजाने धरले होते एकशे दहा.

तीनशे चाळीस तास, आणि नऊ गुण कमी.

फोनवर मुलगा म्हणाला, "बाबा, आणखी दोनशे तास अभ्यास झाला असता तर तिचं स्वतःचं नाव तरी आठवलं असतं का हो?" तो हसला, मी हसलो नाही. मग आवाज उतरवून म्हणाला, "तिला जपा."

आठवडाभर मी विचार केला. माझ्यासारख्या माणसाला विचार करून जे सुचतं ते आधी सुचलेलंच असतं. मी ठरवलं, तास कमी पडले. पाचशे हवेत.

रविवारी सकाळी नवा तक्ता घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. दोघी टेबलाशी बसल्या होत्या, ही वाटाणे सोलत होती, सूनबाई नुसतीच बसली होती. तिला आता स्वयंपाकघरात काय करावं ते सुचत नसे.

"पाचशे?" हिने तक्त्याकडे पाहून विचारलं. आकडे तिला चांगले वाचता येतात, शाळा चौथीत सुटली असली तरी. "अहो, पोरीत काही शिल्लक ठेवायचं आहे की नाही?"

"जमेल, बाबा," सूनबाई म्हणाली. ती मला कधीच नाही म्हणत नाही. तिचा आवाज मात्र असा होता, की मी तक्ता टेबलावर ठेवायच्या ऐवजी हातातच धरून राहिलो.

"तुझं पुस्तक दे बरं. कुठला धडा किती तास ते ठरवू."

तिने पुस्तक आणून दिलं. मी उघडलं आणि पाहतच राहिलो. एकही ओळ मोकळी नव्हती. लाल, निळ्या, हिरव्या रेघा, पानामागून पान.

"लाल म्हणजे काय?"

"महत्त्वाचं."

"निळं?"

"फार महत्त्वाचं."

"आणि हिरवं?"

ती खाली बघत म्हणाली, "निळं पेन संपलं होतं."

"किती वेळा वाचलंस हे?"

"अख्खं? नऊ वेळा."

नऊ वेळा! मी आजवर तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. सासऱ्याने सुनेची परीक्षा घ्यावी हे मला बरं वाटत नव्हतं; आणि खरं म्हणजे, तिला उत्तर आलं नाही तर तेव्हा तोंड कसं करायचं हे मला ठाऊक नव्हतं. पण त्या दिवशी पुस्तक उघडंच होतं. मी चौथ्या धड्याच्या शेवटचा प्रश्न वाचला. "मुलाचं वजन बारा किलो. दर किलोला पंधरा मिलिग्रॅम औषध द्यायचं आहे. पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात एकशे वीस मिलिग्रॅम औषध असतं. तर किती चमचे?"

सूनबाईने डोळे मिटले. "पान सदुसष्ट," ती म्हणाली. "उजव्या हाताला. वर बाटलीचं चित्र आहे, त्याच्या खाली तिसरी ओळ."

"उत्तर?"

"ओळ दिसतेय, बाबा. रंगही दिसतोय. निळा आहे." तिने मिटलेल्या डोळ्यांवर बोटं दाबली. "पण त्यात काय लिहिलंय ते दिसत नाही."

पुस्तक मिटावं म्हणून मी हात हलवला, तेवढ्यात हिने वाटाण्यांवरून नजर न उचलता म्हटलं, "दीड."

"काय?"

"दीड चमचा. पण घरातला चमचा नाही. बाटलीबरोबर येतो तो. घरातले चमचे मेले वाट्टेल त्या मापाचे असतात."

मी पुस्तकाच्या मागची उत्तरं उघडली. दीड चमचा. खाली बारीक अक्षरात टीप होती, घरगुती चमचा वापरू नये.

पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय, ते मी पुस्तकांतून पुष्कळ वाचलं होतं. अनुभव पहिलाच.

"तुला कसं ठाऊक?" मी विचारलं, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"ओरडता कशाला? हिनेच सांगितलं. बारा पंधरे एकशे ऐंशी. पहिल्यांदा माझं चुकलं, मी म्हटलं दोन. तर ही म्हणाली, आई, दोन दिलेत तर पोराचं लिव्हर जाईल. मी घाबरलेच. मग काय विसरते?"

सूनबाई एकदम ताठ बसली. "हो! त्या दिवशी आपण वाटाणेच सोलत होतो. तुम्ही हातातले सगळे वाटाणे मांडून दाखवलेत!"

मी पान उलटलं. "लोहाची गोळी चहाबरोबर घ्यावी का?"

"मुळीच नाही," ही म्हणाली. "चहा त्या लोहाला धरून ठेवतो, अंगाला लागू देत नाही. दोन तास थांबायचं. मी तुमच्या गोळीच्या वेळेला चहा देत नाही, ते तुम्हाला वाटतं मी विसरते."

"आतड्यात विरघळावी म्हणून लेप दिलेली गोळी फोडून दिली तर?"

"अंगातला रेनकोट काढून माणसाला पावसात ढकलायचं असेल तर द्या फोडून. पोटातच विरघळून जाईल बिचारी."

"हे पुस्तकात नाहीये."

"नसेल. पुस्तकात होतं ते मला समजलं नाही, म्हणून हिने रेनकोट काढला."

मी वेगवेगळ्या धड्यांतले दहा प्रश्न विचारले. पुस्तक कधी हातातही न धरलेल्या माझ्या बायकोने सहाची उत्तरं बरोबर दिली. दहात सहा म्हणजे शंभरात साठ. ही पास झाली असती. मी खाली बसलो. तोपर्यंत मी उभाच आहे हे माझ्या लक्षात नव्हतं.

चुकलेले चार प्रश्न पुन्हा पाहिले. चारही दहाव्या धड्यापासून पुढचे. नऊ धडे हिला पाठ आणि दहाव्यातलं एक अक्षर माहीत नाही, असं का? मी माझ्या खोलीत जाऊन कार्डांचा गठ्ठा आणला, सगळ्यात खालचं कार्ड काढलं. माझाच शिक्का, माझंच अक्षर. बसली सहा दहा. पहिला दिवस. खाली मी हौसेने लिहून ठेवलं होतं, धडा दहावा सुरू.

त्या दिवशी मी दार बंद केलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती लपवली तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी तिला खोली दिली ती तिच्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं, स्वतःलासुद्धा. पण त्या दोघींचा आरडाओरडा मला नको झाला होता. संध्याकाळी मला वाचायला शांतता हवी होती. बोळकांडीतल्या स्टुलावर त्या चार महिन्यांत मी सोळा पुस्तकं वाचली. किती सुखाची होती ती शांतता! आणि तिच्या आत एक बाई पानाला रंग देत बसली होती.

"सूनबाई," मी म्हणालो, "माझं चुकलं."

"नाही हो, बाबा, तुम्ही तर—"

"चुकलं म्हणतायत तर चुकू दे त्यांना," ही म्हणाली. "वर्षातून एकदा येतो असा दिवस. तो तक्ता इकडे द्या." आणि तिने माझ्या पाचशे तासांच्या तक्त्यात वाटाण्यांच्या साली गुंडाळल्या.

त्यानंतरचे चार महिने घरात काय गोंधळ होता ते शेजाऱ्यांना विचारा. पुस्तक पुन्हा मिठाच्या बरणीला टेकलं. पण आता ते मिटूनच असायचं. आधी सांगायचं आणि मग उघडून पाहायचं, असा हिचा नियम. खोटं पकडण्यात ती पटाईत आहे. मला काम मिळालं ते न समजणाऱ्या गिऱ्हाइकाचं. "तुम्हाला ते जमेल," ही म्हणाली. मला टेबलाच्या पलीकडे उभं राहून विचारायचं होतं, "अहो बाई, ही गोळी जेवणाआधी की नंतर?" मी आयुष्यात दुकानदाराला दुसऱ्यांदा काही विचारलेलं नाही. कळलं नाही तरी मान हलवून घरी येतो. तिथे तर मला पाच-पाच वेळा विचारावं लागायचं.

"मोठ्याने, बाबा! गिऱ्हाईक असं पुटपुटत नाही."

"मी पुटपुटणारं गिऱ्हाईक आहे."

"मग तुम्हाला चुकीची गोळी मिळणार," सूनबाई म्हणाली आणि हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

कधी तिला उत्तर यायचं नाही. तेव्हा मला वाटायचं, झालं, खोकी, कंबर, अंथरूण. पण ती चिडायची, पुस्तक उघडायची, "अरे देवा, उलटंच सांगितलं की मी!" म्हणून कपाळावर हात मारायची, आणि तो प्रश्न पुन्हा कधी चुकायचा नाही. रोजचे तास-सव्वा तास. ती थकली असेल त्या दिवशी तेही नाही. शिक्का मी कपाटात ठेवून दिला. पण सवय जात नाही. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी पेन्सिलीने रेघा ओढत होतोच. एकशे सव्वीस तास भरले. मला ते बघवत नव्हतं. शेवटची संधी, आणि एकशे सव्वीस!

निकालाच्या दिवशी सूनबाई दुकानात होती. तिने मलाच पाठवलं. "बाबा, तुम्ही आणा. मला काउंटर सोडून जायचं नाही." ती तसं का म्हणाली ते मला कळलं. कदाचित तो काउंटरवरचा शेवटचा दिवस होता.

खिडकीत त्याच बाई होत्या. "आजोबा, तुम्हीच परत?" त्यांनी कागद सरकवला. मी तो घडी करून खिशात घातला, बाहेर बाकावर जाऊन बसलो आणि मग उघडला.

७१.

मी उठून पुन्हा रांगेत उभा राहिलो.

"आता काय?" बाई म्हणाल्या.

"आकडे उलटे तर नाहीत ना पडले? सतरा वगैरे?"

त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की मागच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली. "एकाहत्तर, आजोबा. एकाहत्तर! सुनेला पेढे द्यायला सांगा."

दुकानात गेलो तर गर्दी होती. सूनबाईने मला पाहिलं आणि तिचे हात थांबले. समोरचं गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं. मला तिच्यापर्यंत पोचता येईना, आणि खुणा करायला मला जमत नाही. मग मी ओरडलो. भर दुकानात, अनोळखी माणसांच्या डोक्यांवरून, मी "एकाहत्तर!" असं ओरडलो. सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. सूनबाईने दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली आणि तशीच उभी राहिली. मग समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "जेवणानंतर. दोन्ही वेळा जेवणानंतर," आणि रडायला लागली.

संध्याकाळी मुलाशी फोनवर बोलायला ती आतल्या खोलीत गेली. आम्ही दोघंच स्वयंपाकघरात होतो. दिवसभर जी गोष्ट मला आतून हादरवत होती, ती तेव्हा तोंडाशी आली.

ग्रंथपालाची परीक्षा मी तीनदा दिली होती. आमचं नुकतंच लग्न झालं होतं. दार लावून रोज चौदा तास बसायचो. तिन्ही वेळा नापास झालो आणि चाळीस वर्षं मदतनीसच राहिलो. त्या चाळीस वर्षांत एक दिवस असा गेला नाही, की मी मनात म्हटलं नाही, सोळा तास बसायला हवं होतं. आळशीपणा केलास. मी स्वतःला आळशी माणूस समजून म्हातारा झालो.

"मी चौदा तास बसायचो," मी म्हणालो.

"बसायचात," ही म्हणाली. "मी बाहेर असायचे. कुणी आलं तर ओठांवर बोट ठेवायचे. भांडं पडलं तर मला रडू यायचं."

"मला वाटायचं, तुला त्यातलं काय कळणार."

ओट्यावरचं पाणी पुसून तिने फडकं पिळलं, खुंटीला लावलं.

"तुम्ही मला सांगितलं असतंत, तर मी ऐकलं असतं," ती म्हणाली. "तेव्हा तर मला चांगलं ऐकू येत होतं."